कोनाड्यातली बाळंतीण

घाट चढून पाणजाईच्या माळावर आलं की आधी राई लागते आणि मग धनगरवाडा. राई म्हणजे जांभूळ, अंजनी आणि हिरड्याची दाट झाडी. तिच्या पोटात एक झरा आहे आणि झऱ्याकाठच्या शेवाळलेल्या दगडांत पाणजाईचं ठाणं. देवीला देऊळ नाही, छप्परही नाही. वर येणारी माणसं राई बघतात, फोटो काढतात आणि मग वाड्यावर चहाला टेकतात. चहाला आधण येईपर्यंत त्यांच्या लक्षात एक गोष्ट येते आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नाही.

इथल्या प्रत्येक घराची चूल बाहेर आहे, अंगणात, चार लाकडी मेढींवरच्या लहानशा छपराखाली. आता घरोघरी गॅस आला, पण अंगणातली चूल कुणी मोडलेली नाही. तिचे दोन धोंडे मातीने लिंपून पक्के केलेले असतात आणि तिसरा नुसता टेकवलेला. पाय लागला तर सरकेल असा. चूल एवढी निगुतीनं सारवलेली आणि एक धोंडा मोकळा, हे संसारी बाईच्या डोळ्याला खुपतंच. पाहुण्यांतली एखादी न राहवून विचारते, "अहो, एवढं केलंत, मग तेवढा एक का राहिला?"

तोवर दुसऱ्या कुणीतरी गोठ्याच्या दारावरचा कोनाडा शोधलेला असतो. भिंतीतला एक दगड मुद्दाम गाळून ठेवल्यासारखी ती जागा, बरोबर हाताच्या उंचीवर. मोबाइल ठेवायला अगदी सोयीची.

"काढ बाबा तिथनं," चहा करणारी चिमाआजी म्हणते. "ती जागा कुणाची तरी हाय."

"कुणाची?"

"बाळंतिणीची."

पाहुणे एकमेकांकडे बघतात. चिमाआजी पदराला हात पुसते आणि उंबऱ्यावर बसते. चुलीची आणि कोनाड्याची गोष्ट एकच आहे, असं ती सांगते. तिला तिच्या सासूनं सांगितली, सासूला आणखी कुणी.

फार मागची गोष्ट. तेव्हा घाटाला गाडीरस्ता नव्हता. वाड्यावर मोजकी घरं होती आणि घर म्हणजे एकाच छपराखाली अर्ध्यात म्हशी, अर्ध्यात माणसं, मधे कारवीचा कूड. त्या काळात माळावर माश्यांचा कहर झाला, म्हणे. भाकरीवर बसणाऱ्या साध्या माश्या नव्हेत, रक्त पिणाऱ्या गोमाश्या. म्हशींच्या कानात, डोळ्यांच्या कडांना, सडांवर त्यांची काळी झालर लागायची. जखमा चिघळून किडे पडायचे. रेडकं उभी राहायच्या आधीच जायची. लोण्याची मडकी रिकामी पडायला लागली तेव्हा काही घरं माळ सोडून खाली उतरायची भाषा करू लागली.

त्यावर वाड्याला एकच उपाय ठाऊक होता, धुरी. ओला पाला, निर्गुडीचे डहाळे आणि शेण निखाऱ्यावर टाकायचं आणि गोठा कोंडून घ्यायचा. धूर होता तोवर माश्या हटायच्या. विरला की दुप्पट येऊन बसायच्या. मग आणखी धूर. असं होता होता धुरीचीच चढाओढ लागली. ज्या छपरातून धूर जास्त, ते घर कामसू, असं लोक मानायला लागले. सकाळी बायका पाणी आणायला निघाल्या की वाटेने छपरं बघत जायच्या. कुणाचं छप्पर कोरडं दिसलं तर म्हणायच्या, "आज निजलीया वाटतं अजून."

या धुरीत गोजरा ढेबेचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या छपरातून असा धूर निघायचा की नवख्याला वाटावं, घर पेटलं. तिचा नवरा बमाजी डोळे चोळत बाहेर यायचा आणि तरी ऐटीत सांगायचा, "आमच्या गोठ्यात माशीला वाट गावत न्हाई." त्याच गोठ्यात त्याची टिकी म्हैस रात्रंदिवस कान आपटत उभी असायची, ते तो सांगत नसे.

गोजराला एकुलती एक लेक, बनू. ती पलीकडच्या खोऱ्यात कोंडावर, म्हणजे तिथल्या वस्तीवर दिलेली. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा गोजराने बाज विणून घेतली. तूप देऊन खालच्या बाजारातून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणवलं आणि वाळक्या भोपळ्यात भरून कुडाला टांगून ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? पण बनूच्या सासरहून निरोप आला, "तुमच्या माळावर माश्या. ओल्या बाळंतिणीला तिथं कोण पाठवतं?"

बनू तिकडेच बाळंत झाली आणि मूल हाती लागलं नाही. मीठ घेऊन वर चढणाऱ्या माणसानं ही बातमी गोजराच्या अंगणात सांगितली, पाणी प्यायला आणि पुढे गेला.

गोजरा त्यानंतर कितीतरी दिवस धुरी द्यायची विसरली. विसरली की मुद्दाम दिली नाही, हे कुणी सांगत नाही. बायकांनी मात्र जाता-येता तिचं कोरडं छप्पर पाहिलं, आणि या खेपेला मान वळवून पुढे गेल्या.

असे सांगतात, की त्याच दिवसांत राईतून ते जोडपं आलं. एवढंसं पाखरू, मुठीत मावेल असं. नर निळाशार, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा. मादी मातकट, पण गळ्यापासून छातीपर्यंत केशरी, जणू नुकतीच कुणी ओटी भरून, हळद लावून पाठवणी केलेली. शिकलेली माणसं त्यांना माशीमार म्हणतात. गोजराच्या गोठ्याच्या दारावर भिंतीतला एक दगड निखळून पोकळी झाली होती. तिथे त्या मादीनं झऱ्यावरचं शेवाळ नेऊन नेऊन वाटी केली आणि एका सकाळी ती त्या वाटीत बसली ती उठेना.

गोजरा दूध काढायला आली तेव्हा दोघींची नजरानजर झाली. पाखराचे डोळे मोठाले, काळेभोर. ते उडालं नाही.

"आलीस व्हय," गोजरा म्हणाली. एवढंच. पण त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी जेवली, म्हणे.

पुढं तिनं जे केलं ते मायेनंच केलं. आपल्या बायकांना ठाऊकच आहे, बाळंतिणीला काय लागतं. ऊब लागते, शेक लागतो, ओव्याशेपाची धुरी लागते. गोजराने कुडावरचा भोपळा उतरवला. ज्या लेकीसाठी भरला होता ती काही आली नव्हती. तिने खापरात निखारे घेतले, वर मूठभर ओवा टाकला, बाळंतशेपा टाकला, आणि धुरी टिकावी म्हणून दोन ओली पानं झाकली. मग ते खापर नेमकं कोनाड्याच्या खाली ठेवलं.

"घे माझे बाई," ती म्हणाली, "पहिलटकरीण दिसतीस. अंग शेकून घे." आणि हंडा घेऊन झऱ्यावर गेली.

परत आली तर दारातून धुराचा लोट चालला होता आणि ती केशरी पाखरीण समोरच्या हिरड्यावर बसून एकसारखी टिक् टिक् करत होती. गोजराने खापर उचलून लांब फेकलं. पदराने वारा घातला. धूर विरला, ऊन कललं, म्हशी चरून आल्या. पाखरीण फांदीवरून दारापर्यंत यायची आणि वास लागला की माघारी फिरायची. दिवस मावळता तीही दिसेनाशी झाली. गोजराने कोनाड्यात हात घातला. अंडी गार होती. तिने ती गालाला लावून पाहिली, असं सांगतात.

बमाजी म्हणाला, "पाखरू त्ये. दुसरीकडं घालंल."

"तिला हितं घालावीशी वाटली हुती," गोजरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पाणजाईच्या ठाण्यावर गेली. धुरीचं ते खापर तिनं देवीसमोर पालथं घातलं. "आई," ती म्हणाली, "म्या शेक दिला, असं मला वाटलं. आता ती माघारी येईपत्तुर माझ्या छपराखाली धूर व्हायचा न्हाई. आली, तर तिची पिल्लं उडंपत्तुर न्हाई. कुणासाठी म्हंजे कुणासाठी न्हाई."

ते शेवटचं बोलायला नको होतं, असं चिमाआजी इथे थांबून म्हणते. नवस बोलताना माणसानं थोडी फट ठेवावी.

गोजराने घरातली चूल उचलली आणि अंगणात मांडली. तीन धोंडे, वर पानांचं तात्पुरतं छप्पर. गोठ्यातली धुरी बंद. मग काय, वाड्याला बोलायला विषय मिळाला. "गोजरे, तुझी चूल काय सासरी गेली का?" असं एक जण म्हणायची. दुसरी म्हणायची, "जाऊ दे गं, चुलीला घरात गुदमरत आसंल." पावसाळ्यात बमाजी अर्धी भिजलेली भाकर खायचा आणि तिच्याकडे न बघता म्हणायचा, "पाखरानं यायचं कबूल केलंय का तुला?"

ती निर्गुडीची डहाळी घेऊन टिकीजवळ उभी राहायची आणि माश्या वारायची. एका हाताला कळ लागली की दुसऱ्या हाताने. म्हशीच्या अंगाला चिखल थापायची, जखमांना करंजाचं तेल लावायची. टिकीचा एक कान किड्यांनी खाल्ला तो खाल्लाच. पण म्हैस जगली. गोजराच्या मनाला मात्र एक घोर लागून राहिला. आता ती आली नाही, तर आपण हे कुणासाठी करतोय?

वर्ष फिरलं, राईत अंजनी फुलली, आणि ती आली. गोजरा चुलीपाशी भाकरी थापत होती. केशरी गळा दारावरून आत गेल्याचं तिला दिसलं आणि अर्धी थापलेली भाकर परातीतच राहिली. उठून बघायला जायचं धाडस तिला दुपारपर्यंत झालं नाही.

पिल्लं झाली, तशी गोठ्यात एक नवीनच गोष्ट दिसायला लागली. निळा नर टिकीच्या शिंगावर बसायचा. बसल्या जागेवरून हवेत एक गिरकी घ्यायचा, चोचीचा चट् आवाज यायचा, आणि माशी घेऊन तो कोनाड्यात जायचा. मग मादी, मग पुन्हा नर. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत दोघांना दम नसायचा. हळूहळू टिकीने कान आपटायचं सोडलं. गोजरा डहाळी घेऊन उभी राहायची आणि वारायला माशीच नसायची.

वाड्यातला सगळ्यांत जाणता माणूस म्हणजे धाकलू आजा. तो चिलमीला इंगळ मागायच्या निमित्तानं रोज सकाळी यायचा, गोठ्याकडे बघत चिलीम ओढायचा आणि जायचा. बाकीचे म्हणत, "यंदा माश्या तशा कमीच हायती." आणि आपापल्या खापरात पाला टाकत.

पण बातम्या पाय असल्यासारख्या डोंगर उतरतात. गोजराच्या म्हशी कान हलवत नाहीत, हे पलीकडच्या कोंडावर कळलं. बनूला पुन्हा दिवस गेले होते. तिची सासू आपणहून म्हणाली, म्हणे, "आमच्या हितं एकदा झालं ते झालं. या खेपंला माहेरी जाऊन ये."

बनू आली. गोजराने बाज झटकून घातली. बनू फार बोलत नसे. पोटावर हात ठेवून कोनाड्याकडे बघत बसायची. एकदा तिनं विचारलं, "आये, हिची गेल्या सालची गेली?"

"गेली."

"आन तरी हितंच आली?"

"तूबी आलीसच की," गोजरा म्हणाली.

पाखरांची पहिली पिल्लं उडाली होती, आणि आषाढ लागता लागता मादी पुन्हा बसली होती. गोजराचं सगळं लक्ष दोन पोटांकडे. बनूच्या आधी ही पिल्लं उडावीत, एवढंच ती रोज देवीला मागायची. तसं झालं नाही. पिल्लांना जेमतेम पिसं फुटली होती आणि एका सकाळी बनूच्या कळा सुरू झाल्या.

पाऊस नुसता ओतत होता. माळावरचा आषाढ ज्यानं सोसलाय त्याला सांगायला नको. धुकं घरात शिरतं, अंथरूण ओलं लागतं, हाडांपर्यंत गारठा जातो. कोंडाई सुईण आली. दुपारी मुलगी झाली. रडली, पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. ओठ निळसर. इकडे बनूला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले.

"शेगडी आण," कोंडाई म्हणाली. "ओव्याची धुरी कर. पोर गार पडाय लागलंय, गोजरे. हुबी ऱ्हाऊ नगंस."

गोजरा अंगणात धावली. खापरात निखारे भरले, वर ओवा टाकला. धूर उठला. ती दारापर्यंत आली आणि तिथे थांबली. दावणीच्या खुंटावर ती पाखरीण बसली होती, चोचीत माशी धरून. गोजरा कोनाड्याखालीच उभी असल्यामुळे तिला आत जाता येत नव्हतं. वर पिल्लांनी चोची उघडल्या होत्या. कुडापलीकडे बनूचे दात वाजत होते.

बमाजी तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "गोजरे, नवस देवीला बोललीस. देवी समजून घील. लेक गेली तर पुन्ना मागून मिळायची न्हाई."

"देवी घील, आवं," गोजरा म्हणाली. "पाखरू कुठनं समजून घील?"

आणि ती माघारी वळली. ती दारातून हलली तशी पाखरीण आत गेली.

तिने खापर चुलीत रिकामं केलं. ओल्या सरपणाचे निखारेही धुमसतच होते. धूर न होता ऊब कशी न्यायची? ओढ्याच्या काठचे दोन गोटे आणून तिने आरावर, चुलीतल्या रसरशीत निखाऱ्यांवर, टाकले. ओढ्यातला दगड आत पाणी धरून असतो. ते दोन्ही फाडकन फुटले आणि ठिकऱ्या उडाल्या. तेव्हा तिचं लक्ष चुलीच्या धोंड्याकडे गेलं. रोज तापून तापून काळा झालेला, आतपर्यंत कोरडा. तिने फडक्याने धरून तो उपसला, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि बनूच्या पाठीशी नेऊन ठेवला. बनूने सुस्कारा सोडला. पण एक धोंडा तो किती पुरणार? पायांशी हवा, पोराशी हवा. आणि चूल तर मोडलीच होती. उघड्या पडलेल्या आरावर गळक्या छपरातून पाऊस टपटपायला लागला. बमाजीने डोईवरचं पानांचं इरलं काढून आरावर धरलं आणि स्वतः भिजत उभा राहिला.

धाकलू आजा चिलीम घेऊन आलेला होता. त्यानं ते सगळं पाहिलं, चिलीम कमरेला खोवली आणि घराकडे वळला. आला तेव्हा त्याच्या घोंगडीच्या ओच्यात काहीतरी वाफाळत होतं. त्याच्या चुलीचा धोंडा.

"आजा, तुमची चूल मोडली," गोजरा म्हणाली.

"दोन धोंड्यांवर भांडं ऱ्हात न्हाई, ठावं हाय मला," आजा म्हणाला. "माझी म्हातारी उपाशी बसली तर तुझ्या नावानं बसंल. घे."

मग तो घरोघर फिरला. काय बोलला ते कुणाला माहीत नाही. पण एकेका घरातून एकेक बाई निघाली, पदराखाली चुलीचा तापलेला धोंडा घेऊन. चूल सासरी गेली का म्हणणारीही आली. गार झालेला धोंडा बाहेर, तापलेला आत, अशी रांग लागली. ज्यांच्या चुली मोडल्या त्यांनी आपला आरही गोजराच्या अंगणात आणून ओतला, आणि एवढ्या मोठ्या आरावर पुरुष मंडळी इरली धरून कडं करून उभी राहिली. बाजेखाली धोंडे, बनूच्या पाठीशी धोंडे, पोराच्या दुपट्याभोवती धोंडे. कुडाच्या आत ऊब अशी साठली की पलीकडच्या म्हशींनी डोळे मिटले, म्हणे.

तिन्हीसांजेला मुलीचे ओठ लाल झाले आणि तिनं असं भोकाड पसरलं की बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं.

कोंडाई दारात आली. "आता धोंडं बास," ती म्हणाली. "पोरीला आमच्यावर राग आलाय. जगती ती."

त्या संध्याकाळी कुणाच्याच घरात चूल नव्हती. सगळ्यांची भाकर गोजराच्या अंगणातल्या एका आरावर झाली. बनूच्या अंगात ताकद येईपर्यंत तसंच चाललं, आणि तेवढे दिवस वाड्यातल्या एकाही छपरातून धूर निघाला नाही. त्या मोकळ्या दिवसांत राईतली आणखी पाखरं वाड्यावर आली. कुणाच्या वळचणीला, कुणाच्या भिंतीतल्या फटीला शेवाळ दिसू लागलं. आपल्याही म्हशी कान आपटत नाहीत, हे बायकांच्या लक्षात आलं, पण आधी कुणी बोलायचं? शेवटी धाकलू आजाने स्वतःच्या गोठ्याचा एक दगड निखळून काढला आणि कोनाडा केला. धोंडे परत गेले ते घरात गेले नाहीत. प्रत्येकीनं अंगणातच चूल मांडली, आणि तिसरा धोंडा लिंपला नाही. कधी न्यावा लागेल, कुणी सांगावं?

गोजराने पुढे किती बाळंतपणं केली, बनूची ती मुलगी कुणाच्या घरी दिली, हे चिमाआजीला विचारलं तर ती म्हणते, तेवढं काही सासूनं सांगितलं नाही. माश्या अगदी संपल्या असंही ती सांगत नाही. ज्याच्या कोनाड्यात कुणी येत नाही, त्याला त्या अजून चावतात.

आजही माळावर कुणी बाळंत झालं की घरटी एक धोंडा निघतो. दवाखाना आता खाली आहे, गाडी वर येते, मुलं तिकडेच होतात. पण बाळंतीण घरी आली की तिच्या बाजेपाशी सगळ्या वाड्याचे धोंडे येतात, आणि त्या दिवशी गॅस पेटत नाही, सगळ्यांची भाकर त्या एका अंगणात होते. आणि ज्या गोठ्याच्या कोनाड्यात शेवाळाची वाटी दिसली, त्या घरातही पिल्लं उडेपर्यंत रांधणं बाहेरच होतं. भर पावसात अंगणात चूल पेटलेली आणि छपराखाली शिरणारी झड अडवायला तिच्यावर कुणीतरी इरलं, हल्ली छत्री, धरून भिजत उभं असलेलं दिसलं, की पलीकडच्या डोंगरावरची गुराखी माणसंसुद्धा ओळखतात, माळावर बाळंतीण आहे. बाजेवरची की कोनाड्यातली, ते जवळ गेल्यावरच कळतं.